कोल्हेखान्यातला कोट

मित्रांनो, मी एक कोट आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, जवळ आलात की तुमचं नाकच सांगेल. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. मी भारी हेवेखोर आहे. छत्री, घड्याळ, शाळेची घंटा ही मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की किती गोड बोलतात! आम्ही झिजलो, आम्ही राबलो, पण कुणाबद्दल मनात काही नाही म्हणतात. माझ्या मनात आहे, बाबांनो, आणि पुष्कळ आहे.

प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पश्चिम टोकाला, लाल मातीच्या कड्यामागे आमचं घर. आर्तेमीझ नावाच्या बाईनं मला विणलं. तिच्याकडे करड्या लोकरीच्या मेंढ्या होत्या. एका हिवाळ्यात तिनं मागावर एकच लांबलचक कापड विणलं आणि त्यातून दोन मुलांसाठी दोन कोट कापले. थोरल्या तेओतीमसाठी मी आणि धाकट्या फिदेलसाठी माझा भाऊ. कापड तेच, दोरा तोच, गुंड्यासुद्धा एकाच बैलाच्या शिंगाच्या. पण धाकट्याचा कोट शिवताना थोडं कापड जास्त उरलं, म्हणून आर्तेमीझनं त्याला खिसे चांगले खोल लावले. माझे उथळ. तेव्हा जे पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

घरचा कोल्हेखाना होता. त्या काळी आमच्या बेटावर ज्याच्या त्याच्या परसात जाळीचं उंच कुंपण असायचं आणि आत रुपेरी कोल्हे. अंग काळंभोर, केसांची टोकं रुपेरी, शेपटीचा शेंडा पांढरा. त्यांची कातडी दूर कुठल्या कुठल्या शहरांतल्या बायकांच्या गळ्यात जायची. घरची माणसं बटाटे नि खारवलेले मासे खायची, पावाला काकवी लावायची आणि कोल्ह्यांना दूध, अंडी, घोड्याचं ताजं मांस. व्यापारी आला की कोल्ह्याच्या पाठीवरच्या केसांवर हळूच फुंकर मारायचा, आतली लव बघायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "अहाहा!" माझ्यावर कधी कुणी फुंकर मारली नाही. मीसुद्धा लोकरच होतो की! पण माझ्याकडे बघून तो व्यापारी फक्त दोन पावलं मागे सरकायचा.

त्यालाही कारण होतं. कोल्हा माणसाचं तोंड बघत नाही, वास बघतो. ज्या कोटाचा वास रोज येतो, तो कोट आपला. बाकी सगळं जग परकं. म्हणून कोल्हे राखणारा माणूस वर्षानुवर्षं एकच कोट घालतो आणि तो कधी, कधी म्हणजे कधीच धुवत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे कुणी ते बोलून दाखवत नाही. माझ्या अंगावर माशाचं तेल सांडलं, दूध आटलं, कोल्ह्यांनी आपल्या खुणा ठेवल्या, आणि हे सगळं माझं वैभव होतं. तेओतीमची ओळख मी होतो. मला काढून ठेवून तो आत गेला असता तर कोल्ह्यांनी त्याला चोरच समजलं असतं.

त्या कोल्ह्यांत एक मादाम होती. तिचं नावच ते ठेवलं होतं, कारण ती चालायचीच एखाद्या बाईसाहेबांसारखी. जन्मली तेव्हा तिच्या आईला दूध नव्हतं. फिदेलनं तिला आपल्या त्या खोल खिशात ठेवलं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तेओतीमही पाजायचा, पण खिसा उथळ, त्यामुळे ती माझ्यातून बाहेर पडायची. पुढे बाप गेला, आई गेली, भावांनी कोल्ह्यांची वाटणी केली. चिठ्ठ्या टाकल्या आणि मादाम आमच्या वाट्याला आली. आपले कोल्हे घेऊन फिदेल ओढ्यापलीकडे राहायला गेला आणि त्यानंतर आमच्या दारात आला नाही. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! खोल खिसेवाला गेला आणि मादाम माझी झाली.

तेओतीम रोज माझ्या खिशात एक उकडलेलं अंडं ठेवायचा. मादाम यायची, माझी बाही हुंगायची आणि मग खिशात तोंड घालायची. तेवढ्या वेळापुरता मी बेटावरचा सगळ्यात सुखी कोट असायचो. पण तिच्या त्या मऊ, झगझगीत केसांकडे बघून आतल्या आत जळायचोही. हिला न धुता, न विंचरता हे रूप, आणि माझ्या नशिबी हे खरकटं!

मग घरात ओझीत आली. तेओतीमची बायको. ती शेवंड पकडणाऱ्या कोळ्यांच्या गावातली, कोल्हेखाना तिनं फक्त रस्त्यावरून पाहिलेला. कामाला वाघीण आणि बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं मला चिमटीत धरून लांब केलं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"कोट आहे," तेओतीम म्हणाला.

"कधीकाळी असेल. आता हा घरात येणार नाही."

झालं. आजवर मी चुलीजवळच्या खुंटीवर असायचो, तो मागच्या ओसरीत गेलो. चुलीजवळ कोण लटकला माहीत आहे? रविवारचा कोट! काळा, गुळगुळीत, चर्चमध्ये जाऊन नुसता बसणारा. आयुष्यात काडी इकडची तिकडे केली नाही त्यानं, आणि ओझीत त्याला रोज ब्रश करायची. दाराच्या फटीतून मी ते बघायचो. एकदा, फक्त एकदा, मलाही कुणी असं स्वच्छ करावं, ऊबेला टांगावं आणि म्हणावं की वा, काय दिसतोय, एवढंच मला वाटायचं.

हिवाळा सरत आला की आमच्याकडे कोल्हिणींचे दिवस भरतात. तेव्हा कोल्हेखान्याच्या दाराला लाल फडकं बांधतात. परक्या माणसानं आत यायचं नाही, मोठ्यानं हाक मारायची नाही, कुत्रा मोकळा सोडायचा नाही. व्यायलेली कोल्हीण घाबरली की पिल्लू तोंडात धरून सैरावैरा पळते, लपवायला जागा शोधते आणि जागा सापडली नाही तर ते पिल्लू मातीत पुरून टाकते. जिवंत. मग दुसरं आणायला जाते. अशी एका दिवसात सगळी वीण गेलेली घरं आमच्या गावात आहेत, आणि त्या घरांसमोरून जाताना लोक अजून आवाज खाली करतात.

त्या वर्षी मादाम पहिल्यांदाच व्यायली. तिच्या बाळंतपणाच्या लाकडी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली आणि तेओतीम ओसरीत येऊन मला छातीशी धरून नाचला. खोटं सांगत नाही, नाचला!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. सकाळचं दूध पाजून, मला ओसरीत टांगून तेओतीम पलीकडच्या गावी घोड्याचं मांस आणायला गेला. मागून शेजारची बाई धापा टाकत आली.

"ओझीत, अगं, रानखात्याचा अंमलदार येतोय! दुकानात बोलत होते. तुमच्यावर कुणीतरी तक्रार केलीय."

"आमच्यावर? काय म्हणून?"

"म्हणे मादाम कोल्हेखान्यात जन्मलेलीच नाही. तुझ्या नवऱ्यानं बंदीच्या दिवसांत रानातल्या बिळातून उकरून आणली, नि मोठी झाल्यावर तिच्या कानावर खोटा नंबर गोंदला."

कोल्हेखान्यात जन्मलेल्या पिल्लाच्या कानात लहानपणीच नंबर गोंदतात; रानातली पिल्लं बिळातून काढणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. खरं ठरलं असतं तर तेओतीमचा परवाना गेला असता आणि मादाम पिल्लांसकट सरकारजमा झाली असती. ही तक्रार कुणाची ते मला तिथल्या तिथे कळलं. हेवेखोराला दुसरा हेवेखोर बरोबर ओळखू येतो.

ओझीत क्षणभर उभी राहिली. मग तिनं पदर खोचावा तसा आपला एप्रन करकचून बांधला. "साहेब येतोय ना? येऊ दे. माझं घर बघून त्याला कळू दे की इथे चोर राहत नाहीत." तिनं फरशी घासली, पितळी दिवा घासला, आणि मग तिची नजर माझ्यावर पडली.

"आणि ह्या लक्तरात माझा नवरा साहेबापुढे उभा राहणार? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. आणि खरं विचाराल तर ओरडायचं सुचलंही नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते होत होतं! तिनं मला गरम पाण्यात बुडवलं. साबण लावला, चोळला, पिळला, पुन्हा साबण लावला. पाणी काळं निघालं, मग तांबडं, मग नितळ. तिनं मला चुलीजवळच्या खुंटीवर, त्या रविवारच्या कोटाशेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून टांगलं. जरा लांब उभी राहिली आणि म्हणाली, "वा! काय दिसतोय!"

मी त्या काळ्या गुळगुळीताकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मनात म्हटलं, आता कसं वाटतंय?

तेवढ्यात बाहेर चाकं वाजली. तेओतीम आणि अंमलदार वाटेतच भेटले होते आणि बरोबरच आले. मॅकफी साहेब पलीकडच्या स्कॉट वस्तीतला, उंच आणि हळू बोलणारा. त्याच्या स्वतःच्या भावाचा कोल्हेखाना होता, म्हणून त्यानं गाडी लांबच उभी केली होती आणि घोड्याच्या गळ्यातली घंटाही काढून ठेवली होती.

"साहेब, मी अजिबात आढेवेढे घेत नाही," तेओतीम त्याला सांगत होता. "मी माझा कोट घालून एकटा आत जातो. तिला जाळीशी आणतो. तुम्ही बाहेरून कान बघा. ती हूं की चूं करणार नाही. ओझीत! माझा कोट कुठाय?"

"हा काय! बघ तरी. तू ओळखणारसुद्धा नाहीस."

तेओतीम खुंटीसमोर आला. मी छाती फुगवली. त्यानं माझी बाही नाकाशी नेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"धुतलास?"

"दोनदा. गरम पाण्यात."

"अगं बाई," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "अगं, काय करून बसलीस हे?"

दारातून मॅकफी साहेबाचा आवाज आला. "कोट धुतला? अरे देवा!"

ओझीत दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "कोट धुतला तर एवढं आभाळ कोसळायला काय झालं? मला कुणी सांगितलं होतं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी सांगत नाही. तेओतीमनं तिला दोन वाक्यांत समजावलं तशी ती भिंतीला टेकली. तिच्या हातावर अजून साबणाचा फेस होता.

"साहेब, पंधरा दिवस द्या," तेओतीम गयावया करायला लागला. "पिल्लांचे डोळे उघडू देत. मग हवं तर तिला मांडीवर घेऊन बसा."

"माझ्या मनानं दिले असते रे," साहेब म्हणाला. "पण तेवढ्या दिवसांत कोल्हीण बदलली असं उद्या कुणी म्हणालं तर? तक्रार करणारा गप्प बसणाऱ्यातला दिसत नाही. पिल्लू असताना कान गोंदला की कानाबरोबर आकडेही वाढतात, पसरतात. मोठेपणी गोंदला की आकडे बारीक आणि रेखीव राहतात. मला फक्त तेवढं बघायचंय. पण ते आज बघायचंय. नाही दिसलं तर तिला पेटीत घालून न्यावं लागेल, त्याला माझा इलाज नाही."

पेटीत घालून नेणं म्हणजे पिल्लं मेलीच. तेओतीम उठला. त्यानं मला खुंटीवरून काढलं आणि तसंच ओलं अंगात घातलं. तेव्हा आणखी एक प्रकार कळला. मी आटलो होतो. बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या आणि छातीवर गुंडी लागत नव्हती. खिशात अंडंही मावेना, म्हणून त्यानं ते हातात धरलं. "मला ओळखेल ती," तो स्वतःशी पुटपुटत होता, "मला ओळखेल."

मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं ती माझ्यात तोंड घालत आली, एका धुण्यानं काय होतंय!

आम्ही आत गेलो. मादाम पेटीतून बाहेर आली आणि नेहमीसारखी दोन पावलं पुढे आली. तिनं नाक वर केलं, माझ्या बाहीजवळ आणलं. आणि शिंकली. तिच्या मानेवरचे सगळे केस उभे राहिले. ती पेटीत शिरली, आणि पुन्हा बाहेर आली ती तोंडात पिल्लू घेऊन.

कुंपणाच्या कडेकडेनं ती पळायला लागली. एक फेरी, मग दुसरी, थांबायचं नाव नाही. पिल्लू ओरडत होतं. तेओतीम श्वास रोखून मागे मागे सरकला, दाराबाहेर पडला, तरी ती थांबेना. कोपऱ्यातल्या विरघळत्या बर्फात तिनं पुढच्या पायांनी माती उकरायला सुरुवात केली. पिल्लू ओरडायचं थांबलं. ओझीतनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

इतकी वर्षं मी तिच्या केसांचा हेवा केला, तिच्या अंड्यांचा केला, आणि आज मी तिला परका झालो होतो, रस्त्यावरच्या कुणाही माणसासारखा.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं कुणीतरी चिखल तुडवत आलं. फिदेल! साहेबाची गाडी बघून गंमत बघायला आला असणार आणि झाडाआड उभा असणार. आता मात्र त्याच्या चेहऱ्यावर रग नव्हती.

"दादा, बाजूला हो," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"तू कशाला आलास?"

"मागाहून शिव्या दे. आधी बाजूला हो. ती पुरतेय त्याला!"

तो आत शिरला, अंगात तोच कोट. माझा भाऊ. तेच कापड, तोच दोरा, आणि जन्मापासून पाणी न लागलेला. फिदेल तिच्याकडे गेला नाही. कुंपणाच्या आत मधोमध तिच्याकडे पाठ करून चिखलात फतकल मारून बसला आणि बाटलीनं दूध पाजताना करायचा तसा घशातून आवाज काढू लागला. मादाम उकरायची थांबली. जवळ आली, दूर गेली, परत आली. तिनं माझ्या भावाची पाठ हुंगली. कॉलर हुंगली. मग तोंडातलं ते पिल्लू तिनं माझ्या भावाच्या पसरलेल्या घेरावर ठेवलं आणि खोल खिशात नाक घातलं.

पिल्लू हललं. आधी पाय, मग तोंड. ओझीत रडायला लागली.

आणि मी? मी खोटं बोलणार नाही. पिल्लू जगलं म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते, आणि मी त्या खिशाकडे बघून जळत होतो. दुसरा कुठलाही खिसा चालला असता मला. नेमका तोच!

फिदेलनं हळूच मादामचा कान जाळीकडे वळवला. मॅकफी साहेब वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला.

"पसरलेत," तो म्हणाला. "चांगले पसरलेत. हे पिल्लू असतानाचंच गोंदण आहे. पण सातचा आकडा उलटा दिसतोय."

"गोंदायच्या चिमट्यात उलटा बसला होता," फिदेल म्हणाला. "घाईत माझ्या लक्षात आलं नाही. मीच तर..."

बोलता बोलता तो थांबला, पण उशीर झाला होता. साहेब सरळ उभा राहिला. त्यानं फिदेलकडे पाहिलं, मग तेओतीमकडे पाहिलं.

"तक्रार करणाऱ्याचं नाव मी कुणाला सांगत नसतो," तो म्हणाला. "पण तुम्हाला तो कुठे भेटला तर माझा निरोप द्या. हिच्या कानात नंबर कुणी घातला हे ठाऊक असून त्यानं मला इथवर आणलं. कायदा काही भावाभावांचं भांडण खेळायला ठेवलेला नाही. पुन्हा असं झालं तर पेटीत मी त्यालाच घालून नेईन." टोपी डोक्यावर ठेवून तो गाडीकडे चालता झाला.

मादाम पिल्लू घेऊन पेटीत गेली तेव्हा कुठे फिदेल बाहेर आला. भाऊ भावासमोर उभा राहिला.

"तूच ना?" तेओतीमनं विचारलं.

"मीच."

"का रे?"

"का म्हणजे? माझ्या खिशात वाढली ती! चिठ्ठीत तुझं नाव निघालं म्हणून तुझी झाली?" फिदेलचा आवाज फाटला. "सरकारनं नेली असती तर लिलावात मी घेतली असती. हिवाळा भरात होता तेव्हाच मी तक्रार केली होती. हे लोक नेमके आत्ता येतील हे मला काय ठाऊक!"

तेओतीमनं हात उगारला. चांगला खाडकन ठेवून देणार होता. पण मी आटलेलो, हात खांद्याच्या वर गेला आणि माझी काखेतली शिवण टर्रकन फाटली. हात तसाच हवेत अडकला. फिदेलनं त्याच्याकडे पाहिलं. तोकड्या बाह्या, उघडी छाती, काखेत भगदाड आणि साबणाचा घमघमाट.

"दादा," तो म्हणाला, "तू पहिल्यांदा चर्चला निघालेल्या पोरासारखा दिसतोयस."

"गप्प बस." पण तेओतीमच्याही ओठाचा कोपरा हलला. "रोज ये. सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या कुणाला ती आत घेणार नाही. आणि हिला वहिनी म्हण, अजून एकदाही म्हटलेलं नाहीस."

तेव्हापासून फिदेल रोज यायला लागला. ओझीत त्याला चहा द्यायची, पावावर काकवी घालून द्यायची, आणि तो आपला कोट कुठे टांगायचा माहीत आहे? माझ्या खुंटीवर! ओसरीतल्या माझ्या जुन्या खुंटीवर. मी आत, चुलीच्या ऊबेला, रविवारच्या कोटाशेजारी. ज्यासाठी इतकी वर्षं झुरलो ते सगळं मिळालं होतं, आणि दाराच्या फटीतून मी त्या घाणेरड्या, नशीबवान कोटाकडे बघत बसायचो.

मी तेओतीमला आता होत नव्हतो. एके दिवशी ओझीतनं माझी काख शिवली आणि मला स्वतःच्या अंगात घातलं. बेतून शिवल्यासारखा बसलो. "भावोजी," ती फिदेलला म्हणाली, "मला शिकवा. हात माझा नडला, तर हातच कामाला लावते." आधी ती नुसती जाळीबाहेर उभी राहायची. मग पाणी ठेवायची. मासे कापायची, दूध उकळायची, हात मलाच पुसायची. धुण्याच्या दिवशी मला उंचावर टांगून ठेवायची, चुकूनही टोपलीत पडू नये म्हणून. उन्हाळा सरेपर्यंत मला पुन्हा माझा वास आला. आणि पिल्लांनी, जी पिल्लं त्या दिवशी मरता मरता वाचली त्यांनी, डोळे उघडल्यापासून ओझीतला आणि मला पाहिलं होतं. आम्ही दिसलो की ती एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत यायची आणि माझा काठ तोंडात धरून ओढायची. काठ पार कुरतडला गेला. मादाम त्याची तर त्याची, पिल्लं माझी. मी त्या कोटाला हे रोज ऐकवायचो.

मग थंडी पडली. थंडीत कोल्ह्यांचे केस भरतात, कातड्याला भाव येतो, आणि कोल्हेखान्यात थंडी कशाची वाट बघत असते हे तुम्हाला आता कळलं असेल.

एका सकाळी तेओतीम चुलीजवळ आला. तो ओझीतकडे बघत नव्हता. "कोट घाल आणि जरा पुढे हो. तुला बघून पिल्लं आपण होऊन येतात."

"म्हणूनच येणार नाही," ओझीत म्हणाली.

"अगं, नाहीतर जाळं टाकावं लागेल. घाबरतील, धडपडतील, केस तुटतील. वर्षभराची मेहनत आहे."

"तुटू देत केस. हा कोट घालून मी त्यांना बोलावणार नाही, आणि कुणाला घालूही देणार नाही." तिनं मला खुंटीवरून काढलं, घडी घातली, माझ्यावर बसली आणि ओठ आवळून चुलीकडे बघत राहिली.

मग ओसरीतून फिदेलचा आवाज आला. "राहू दे दादा, वहिनीला त्रास देऊ नकोस. माझ्याकडेही येतात ती. मी जातो." खुंटीवरून कोट काढल्याचा आवाज झाला आणि दार लागलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. कपडे नीट वापरा, फाटले तर वेळेवर टाका घाला, धुवायच्या आधी त्याचं काम काय आहे ते एकदा विचारा, एवढं तर मागतोच. पण आणखी एक मागतो. एखादं मुकं जनावर तुमच्या वासाला आपलं मानून जवळ आलं, तर त्याच्या केसांच्या आधी त्या भरवशाची निगा राखा. तो एकदा गेला की कुठल्याही साबणानं परत येत नाही.

संध्याकाळी, मी पुन्हा खुंटीवर असताना, फिदेल आला. त्यानं चहा घेतला नाही. माझ्या भावाला माझ्या शेजारी टांगून तो निघून गेला. माझ्या भावाचा काठही पिल्लांनी ओढून ओला केलेला होता. मी त्याच्या खोल खिशांकडे पाहिलं, मग त्या काठाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटला नाही.